चमच्याची कड

पहिल्या चमच्यानं ताक कळकलं.

तांब्याचा होता. 20 गेजच्या पत्र्यातून कापलेला, तोंड ठोकून खोलगट केलेलं, दांडीवर मठारकामाच्या बारीक खुणा. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका काकांनी दोन दिवसांत घडवून दिलेला. मी तो चिंचेनं उजळला, खिडकीतल्या उन्हात धरून भरपूर फोटो काढले आणि संध्याकाळी, ज्याच्या जेवणासाठी तो घडवला होता, त्या शेफकडे घेऊन गेले. त्यानं ताकाची वाटी पुढे सरकवली. मी चमचा वाटीत ठेवला, आमचं बोलणं वीसेक मिनिटं चाललं, मग पहिला घोट घेतला. जिभेच्या दोन्ही कडांना एक हिरवट, तुरट चव चिकटली. ती मी लहानपणी आजोळी एकदाच चाखली होती, पितळेच्या पातेल्यात रात्रभर राहून गेलेल्या कढीत. आजीनं ती कढी मागच्या दारी ओतून दिली होती. ‘कळकली’ एवढंच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली. “ताई, कल्हईशिवाय तांब्याला आंबट दाखवायचं नसतं. पाण्याला चालतं, तीर्थाला चालतं. ताकाला नाही.”

तोवर मी अकरा वर्षं चमचे आणि भांडी डिझाइन करत होते. माझे बहुतेक चमचे भाईंदरच्या कारखान्यांत स्टीलच्या पत्र्यातून डायवर दाबले जात, बफिंगला जात आणि सहा-सहाच्या खोक्यांत बंद होत. त्या अकरा वर्षांत चमच्याच्या चवीबद्दल मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, कारण स्टीलला चव नसते. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं 1913 साली न गंजणारं पोलाद ओतलं तेव्हापासून जेवणाच्या टेबलावरची धातूची चव हळूहळू नाहीशी झाली. चांगल्या चमच्याच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम असतं. पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि अन्नाची धातूशी गाठच पडत नाही. त्याआधी इंग्लंडातल्या श्रीमंत घरांत माशासाठी चांदीच्या वेगळ्या सुऱ्या असत, कारण साध्या पोलादाला लिंबू लागलं की माशाची चव जाई. आमच्याकडे त्याच अडचणीवर कल्हई होती. कल्हईवाला दारावरून जायचा बंद झाला आणि ती अडचणही विस्मरणात गेली. मी तर चमचे करणारी बाई, आणि कळकणं हा शब्द मला काकांकडून परत शिकावा लागला.

लंडनमध्ये झोई लाफलिन या मटेरियल्स-तज्ज्ञ बाईंनी एकाच घाटाच्या चमच्यांवर सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त असे वेगवेगळे मुलामे चढवून लोकांना चव घ्यायला लावली होती. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांच्यासह त्यांनी ते काम 2012 मध्ये प्रसिद्ध केलं. तांब्याचे आणि जस्ताचे चमचे कडवट, धातूच्या चवीचे लागले. त्याच चमच्यांनी चाखायला दिलेल्या क्रीममधली मूळची गोड, खारट किंवा आंबट चवही आणखी ठळक केली. मी तो निबंध वाचला होता, त्यावर खुणा करून ठेवल्या होत्या. तरी तांब्याचा चमचा ताकात ठेवून वीस मिनिटं गप्पा मारल्या. वाचलेलं हातात उतरायला वेगळा काळ लागतो.

तो चमचा ज्याच्यासाठी होता त्या शेफला पुण्यात एक जेवण करायचं होतं. टेबल अठरा माणसांचं, दहा पदार्थ, सगळे कोकण आणि देशावरच्या घरांतले, आणि प्रत्येक पदार्थाला त्याच्यासाठीच घडवलेलं खाण्याचं साधन. कल्पना त्याला ॲमस्टरडॅमच्या स्टाइनबायसर या मंडळींच्या कामावरून सुचली. ते 2012 पासून प्रायोगिक जेवणं करतात. स्वयंपाक जवळपास पिकलेल्या भाजी-धान्याचा, आणि ताटं-चमचे कलावंतांनी बनवलेले. एस्टोनियाचा लोहार निल्स हिंट जुनी हत्यारं तापवून त्यांतून काटे-चमचे काढतो. पान्याचं तोंड तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाचा चमचा करायचा, असं त्याचं काम. नॉर्वेच्या स्टियान कोर्नत्वेद रूदनं वर्षभर रोज एक लाकडी चमचा कोरला, 365 चमचे, एकासारखा दुसरा नाही. आइंडहोव्हनला शिकलेली कोरियाची जिनह्युन जिऑन चमच्याच्या पोटाला फोड आणि दाणे देते, म्हणजे घास तोंडात जाताना चमचा जिभेला आणि ओठाला जाणवतो. शिकागोच्या अलिनिया या रेस्टॉरंटसाठी मार्टिन कास्टनरनं एक लवचीक तार केली. तारेच्या टोकाला घास, आणि खाणाऱ्यानं हात न लावता वाकून तो तोंडानं घ्यायचा.

हे सगळं मी रात्र-रात्र पाहत असे आणि मनात एक गोष्ट अडकून राहिली होती. इटलीच्या मारिनेत्तीनं 1930 च्या डिसेंबरात भविष्यवादी स्वयंपाकाचा जाहीरनामा काढला. काटा आणि सुरी टेबलावरून हटवा, ही त्यातली एक मागणी. युरोपात ते बंड होतं. मेरेट ओपनहाइमनं 1936 मध्ये कप, बशी आणि चमच्याला हरणाची लव लावली, ती पाहणाऱ्याच्या ओठावर आजही शहारा येतो, कारण त्या ओठाला रोज गुळगुळीत चमच्याची सवय आहे. माझ्या घरी कुणाला ती सवय होती? आमच्या स्वयंपाकघरात पळी होती, डाव होता, वगराळं होतं, झारा, उलथणं, सांडशी होती. ही सगळी वाढायची आणि रांधायची हत्यारं. ताटात खायला हात. चमचा हा शब्दसुद्धा फारसीतून आलेला. वडील वयाच्या सत्तरीपर्यंत पोह्यांखेरीज कशालाही चमचा लावत नसत. ज्या माणसांना मुळात प्रत्येक चमचा थोडा परका आहे, त्यांच्यापुढे विचित्र चमचा ठेवून काय साधणार?

मी हाताकडे बघायला लागले. खानावळीत बसायचे आणि लोक कसे जेवतात ते पाहायचे. आमटी-भात कालवणारा माणूस पहिल्यांदा बोटांनी आमटीची आच बघतो. आच जास्त असेल तर बोटं भाताच्या कडेला थांबतात. मग कालवणं, मग चार बोटांवर घास आणि अंगठ्यानं तो पुढे ढकलणं. तोंडाला जे कळायचं ते बोटांना आधी कळलेलं असतं. स्टीलचा चमचा आला की ही बातमी तुटते. स्टीलमधून उष्णता फार सावकाश चालते, त्यामुळे चमच्याचं तोंड उकळत्या आमटीत असलं तरी दांडी थंडच राहते आणि चटका थेट जिभेला बसतो.

तांब्यातून उष्णता स्टीलच्या सुमारे पंचवीस पट वेगानं जाते. हे मी शिकताना पाठ केलं होतं आणि चमच्यासाठी तांबं वापरू नये याचं कारण म्हणून लक्षात ठेवलं होतं. खानावळीतल्या त्या दुपारी ते मला उलटं दिसलं. तांब्याचा चमचा, आखूड दांडीचा, दांडी सुद्धा पातळ. आमटीत बुडवला की पाच-सात सेकंदांत बोटांना आच कळते. बोटं थांबतात. फुंकर येते. हात जे करत होता ते चमचा करतो. आणि सोलकढीला तोच चमचा आधी बर्फात ठेवला तर ओठाला कड लागताक्षणी गारवा येतो, सोलकढी जिभेवर पोचायच्या आधी. तोंडाला आतून-बाहेरून कल्हई करायची म्हणजे आमसुलाचा आंबटपणा तांब्याला भिडणार नाही. दांडीचं तांबं उघडं ठेवायचं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. “मग दांडी मठारायची नाही. मठारलं की तांबं कडक होतं, ते ठीक, पण तुम्हाला पातळ पाहिजे आणि बोटांखाली सपाट पाहिजे.” त्यांनी पत्रा भट्टीत लाल केला आणि पाण्यात बुडवला. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. मग लोखंडी खुंटावर धरून तोंड खोल करायला घेतलं. ठोके असे पडत होते की मला मोजताही येत नव्हते, आणि एकही ठोका दुसऱ्यावर पडत नव्हता. तांबट आळीतले कारागीर बहुतेक त्वष्टा कासार समाजाचे, पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले. हंडे, घंगाळं, बंब यांच्या जोरावर ती आळी जगली. बंब गेले, गीझर आले. काका म्हणाले, त्यांच्या आयुष्यात त्यांनी हजारो भांडी घडवली असतील, पण ओठाला लागणारी वस्तू म्हणजे तांब्या-भांडं आणि पळी, एवढीच. चमच्याची कड किती पातळ हवी हे त्यांनी मला विचारलं आणि मी आकडा सांगितला. त्यांनी तो बाजूला ठेवून स्वतःच्या खालच्या ओठावरून पत्र्याची कड फिरवली, कानशीनं दोन हात मारले, पुन्हा फिरवली. तशी कड मला कारखान्याच्या डायवर कधी मिळालेली नाही. त्यांनी ती आतल्या बाजूला किंचित वळवली होती, त्यामुळे चमचा ओठातून बाहेर येताना आमटीचा थेंब हनुवटीवर येत नव्हता.

कल्हई मी समोर बसून पाहिली. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी लावायची आणि कापसाच्या बोळ्यानं एका हातात फिरवून घ्यायची. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणजे चुलीच्या आचेवरच. चमच्याच्या एवढ्याशा तोंडाला कल्हई करणं हंड्यापेक्षा अवघड, कारण बोळा आत फिरत नाही. पहिले चार वाया गेले.

नऊ साधनं ठरली. सगळ्यांची हकिगत सांगण्यासारखी नाही. एक जड चमचा होता, 140 ग्रॅमचा, अळूच्या फदफद्यासाठी. एडिनबर्गच्या एका हॉटेलात स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरोखरच्या जेवणात जड काटे-चमचे देऊन पाहिले होते. 2015 मध्ये आलेल्या त्या निबंधाप्रमाणे तेच जेवण लोकांना जास्त आवडलं आणि त्यासाठी जास्त पैसे द्यायची त्यांची तयारी दिसली. मला पैशाशी कर्तव्य नव्हतं. अळूचं फदफदं लग्नाच्या पंगतीत आणि श्राद्धातही असतं, आणि एकट्यानं घाईत खायचा तो पदार्थ नव्हे. वजनानं हात सावकाश होतो, एवढंच हवं होतं. दाणेदार पोटाचा एक चमचाही केला, पिठल्यासाठी. तो मी शेवटी काढून टाकला. पिठलं स्वतःच जिभेला पुष्कळ सांगतं आणि चमच्यानं मध्ये बोलायचं कारण नव्हतं. त्याच्या जागी करवंटीचा आला.

एका वस्तूवर मात्र माझा जीव होता. आजोळी जुन्या पेटीत चांदीचं बोंडलं होतं. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, शिंपल्यासारखं, एका बाजूला निमुळती चोच असलेलं. तमिळनाडूत त्याला पालाडै म्हणतात, आणि ज्या बाळांना अजून ओढता येत नाही त्यांना पाजायला नवजात बाळांच्या वॉर्डात आजही ते वापरतात. त्या चोचीतून दूध किती जाईल हे धरणाऱ्याच्या मनगटात असतं. मी ठरवलं, या बोंडल्याला लांब दांडी लावायची, सत्तर सेंटीमीटरची. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला खाऊ घालता येईल, स्वतःला खाता येणार नाही. पेज त्यातून पाजायची. आपल्याकडे घास भरवणं आहेच. आई भरवते, लग्नात नवरा-नवरी नाव घेऊन भरवतात, आजारी माणसाला भरवतात. अनोळखी अठरा माणसांनी एकमेकांना पेज भरवावी, यापेक्षा चांगलं जेवण कोणतं असेल, असं मला मनापासून वाटत होतं. दांडी बांबूची, कारण तांब्याच्या सत्तर सेंटीमीटरला मनगट थकतं. मागच्या टोकाला पितळेचं वजन, तोल साधायला. चोच ओठाला लावायची नाही, वरून धार सोडायची. म्हणजे उष्ट्याचा प्रश्नच येणार नाही. आपण पाणी वरून पितोच.

रंगीत तालमीला आम्ही आठजण बसलो. शेफच्या ओळखीच्या एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या. त्यांनी समोरच्या मुलाला पेज पाजली, अगदी निगुतीनं. त्याची पाळी आली तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला. म्हणाल्या, “नको रे बाळा. नवऱ्यानंतर मला कुणी भरवलेलं नाही.” टेबल गप्प झालं. मी मनात त्याची नोंद केली: नाही म्हणता यायला हवं, त्यासाठी जागा ठेवायला हवी.

माझ्या कार्यशाळेत रिवेट आणि बांबूचं काम करणारा मुलगा त्या दिवशी आठवा म्हणून बसला होता. मराठवाड्यातला, पंचविशीचा, हाताचा अतिशय नेटका. त्यानं पेज प्यायली, समोरच्याला पाजली, काही बोलला नाही. सगळे गेल्यावर दांड्या कापडात गुंडाळताना तो म्हणाला, “ताई, राग येऊ देऊ नका. माझ्या आजोबांना गावात असंच पाणी द्यायचे. वरनं. भांडं लावू द्यायचे नाहीत. ते ओंजळ धरायचे आणि वरनं ओतायचे.”

मला खुर्चीवर बसावं लागलं. मी बोंडल्याच्या चोचीचा कोन आठवडाभर घोटला होता, धार तुटू नये म्हणून. न शिवता वरून धार सोडण्याचं एक सुंदर हत्यार मी घडवलं होतं, आणि या महाराष्ट्रात ते कुणी, कुणासाठी, किती शतकं वापरलं याचा विचार एकदाही मनाला शिवला नव्हता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं, हे मी शाळेत शिकले, परीक्षेत लिहिलं. ती ओंजळ आणि माझी धार यांचं नातं माझ्या टेबलावर बसलेल्या मुलाला एका घोटात कळलं. माझ्या घरी ‘आपण पाणी वरून पितोच’ ही स्वच्छतेची गोष्ट होती. त्याच्या घरी ती दुसरी गोष्ट होती. गावच्या हॉटेलांतली वेगळी कपबशी हासुद्धा कुणीतरी ठरवलेला जेवणाचा सरंजाम होता, कुठल्या खिळ्याला टांगायची हे धरून.

मी त्याला म्हटलं, हे काढून टाकू. तो म्हणाला, “काढू नका. भरवायचं चांगलं आहे. वरनं नको.”

उरलेले बारा दिवस आम्ही दोघांनी त्यावर घालवले. भरवायचं तर ओठाला लागलंच पाहिजे, लांबून सोडलेली धार नव्हे. आणि ओठाला लागलेलं दुसऱ्याच्या ओठाला न लागण्याची सोयही पाहिजे, त्यात कुणाचा अपमान नसून साधी स्वच्छता पाहिजे. उत्तर पेजेच्याच वाडग्यात होतं. आजोळी आजी फणसाचं पान दुमडायची, नारळाचा हीर टोचून त्याचा चमचा करायची आणि त्यानं आम्ही पेज प्यायचो. केरळात कंजीला असाच पानाचा चमचा करतात. फणसाचं पान जाड, लवचीक, पेजेच्या उष्णतेला टिकतं आणि त्याला स्वतःची चव जवळजवळ नाही. बांबूच्या टोकाला आम्ही तांब्याचा चिमटा बसवला. प्रत्येकानं आपला पानाचा चमचा आपणच करायचा, हीर टोचायचा आणि समोरच्याच्या हातात द्यायचा. समोरचा तो आपल्या दांडीला लावून तुम्हाला भरवणार. म्हणजे तुमच्या ओठाला लागणारं पान तुमचं, हात दुसऱ्याचा. ज्याला भरवून घ्यायचं नाही त्यानं पान चिमट्याला द्यायचंच नाही, हातात धरून आपलं आपण प्यायचं. चिमट्याचे पहिले डाग तुटले. डाग देण्याऐवजी रिवेट मारायचं त्यानं सुचवलं, आणि रिवेट टिकले.

दांडीही आखडली. सत्तरची पंचेचाळीस केली आणि टेबल अरुंद केलं. माणसं पुढे झुकून एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकतील इतकं.

जेवणाच्या रात्रीबद्दल लिहायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी आहे. आमटीला अठरा हात एकाच वेळी थांबले, बोटांना आच लागली म्हणून, आणि अठरा फुंकरी ऐकू आल्या. तो क्षण मी कितीही वर्षं काम केलं तरी विसरणार नाही. ताक काचेच्या चमच्यानं दिलं. सोलकढीचा गारवा दोघांना फार झाला, एकाचा दात दुखला. पेजेच्या वेळी पानं दुमडायला वेळ लागला, हीर मोडले, शेजारी शेजाऱ्याला शिकवू लागले आणि शेफ आतून अस्वस्थ झाला, कारण पेज निवत होती. अठरांपैकी तेरांनी पान समोर दिलं. पाचांनी दिलं नाही. आजी आल्या होत्या. त्यांनी आपलं पान हातात धरूनच पेज प्यायली, आणि समोरच्या बाईंना मात्र शेवटच्या थेंबापर्यंत भरवलं.

मोदकाला काहीच दिलं नाही. नऊ साधनं आणि दहा पदार्थ, ते यासाठी. उकडीच्या मोदकाचं टोक हातानं मोडायचं आणि आत तूप सोडायचं, याला हातापलीकडचं हत्यार मला सुचलं नाही आणि सुचावं असंही वाटलं नाही. तुपाला ते बोंडलं ठेवलं, दांडीशिवाय. ज्याचं त्यानं आपल्या मोदकावर सोडायचं.

रात्री अकरानंतर मी मागे मोरीवर गेले. नऊ गुणिले अठरा, एकशे बासष्ट साधनं, आणि ती घासायला दोन मावशी. स्टीलच्या चमच्यांसारखी ती एका टोपलीत उभी राहत नव्हती. कल्हईला तारेची घासणी चालत नाही, हे मी त्यांना सांगायला विसरले होते. सुदैवानं थोरल्या मावशींना माहीत होतं, त्यांनी राखेसारखी बारीक पूड आणि मऊ फडकं घेतलं होतं. करवंटीचे चमचे पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत हेही त्यांनीच धाकटीला सांगितलं. पण आमटीच्या चमच्याच्या तोंडाचा मागचा कोपरा त्यांना निघत नव्हता. काकांनी कड आत वळवली होती ना, तिच्या खाली डाळीचा पातळ पापुद्रा बसला होता. मावशी बोटाच्या टोकानं तो काढायला बघत होत्या आणि बोट आत जात नव्हतं.

“ताई, खाणाऱ्याचं तोंड बघितलंत, आमचं बोट नाही बघितलं,” त्या म्हणाल्या. रागानं नाही. हातातला चमचा माझ्यापुढे धरून दाखवत म्हणाल्या.

मी पिशवीतून वही आणि कॅलिपर काढलं, मोरीच्या कठड्यावर त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना बोट पुढे करायला सांगितलं. ओलं होतं, पदराला पुसून त्यांनी पुढे केलं. तर्जनीचं टोक, रुंदी 14 मिलिमीटर. धाकटीचं साडेबारा. मी मोठा आकडा लिहून घेतला.